पोहायला नको, एवढाच निरोप होता

महागडं घड्याळ घालून पोहलं तर चालतं का, हा प्रश्न मला वर्षातून दोन-चारदा तरी येतोच. आमच्या परळच्या टॉवरला सातव्या मजल्यावर तलाव आहे, आणि तिथे मनगटावर लाखाचं घड्याळ बांधून पाण्यात उतरणारे महाभाग कमी नाहीत. "तुझे वडील घड्याळांतले ना गं? विचार ना त्यांना." मी विचारत नाही. मीच सांगते, नका घालू. पाण्यात वेळ बघून जायचंय कुठे तुम्हाला, पलीकडच्या भिंतीला? मग मी त्यांना आतल्या रबराच्या रिंगा, बाजूची फिरवायची चावी, क्लोरीन, सगळं घडाघडा सांगते. बाबांनी मला सांगितलं होतं तसंच, शब्दाला शब्द. ऐकणाऱ्याला वाटतं, बापाचं शिक्षण मुलीने काय जपलंय. जपलंय डोंबल.

माझे बाबा घड्याळजी. फोर्टातल्या एका मोठ्या शोरूमच्या वरच्या मजल्यावर त्यांनी अख्खी नोकरी केली. निवृत्त झाल्यावर गिरगावात, खोताच्या वाडीच्या जवळ, एका चष्म्याच्या दुकानाच्या दारात काचेची पेटी टाकून बसू लागले. राहायला लालबागला, चाळीतल्या आमच्या जुन्या खोलीत, एकटेच. रोज बसने गिरगाव आणि रोज बसने परत. स्वभावाने फटकळ. गिऱ्हाइकाने चकचकीत नकली घड्याळ पुढे केलं की म्हणायचे, "हे घड्याळ नाय, खेळणं आहे. पोराला द्या." गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, पण खोटं बोलायचे नाहीत. हा गुण माझ्यात आला नाही.

मी लग्न करून दादरच्या घरात गेले. सासूबाई शाळेत शिकवायच्या, बोलणं अगदी घासूनपुसून स्वच्छ. व्याही काय करतात असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "ते फोर्टमध्ये होते, परदेशी कंपनीच्या घड्याळांकडे." गिरगावच्या पेटीचं नाव त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. मला त्याचा राग यायला हवा होता, पण मीही तेच करत होते. मुलाच्या शाळेत इतर आयांना मी सांगायचे, बाबा वॉच इंडस्ट्रीत होते. वॉच इंडस्ट्री! माझ्या थोबाडीत मारायला तिथे कुणी नव्हतं म्हणून खपलं. पुढे आम्ही परळला या टॉवरमध्ये आलो, सासूबाई आमच्याबरोबर आल्या, आणि शेखी मिरवायला मला आणखी उंच जागा मिळाली.

दर तीन वर्षांनी अधिक महिना येतो, आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. त्या महिन्यात जावई म्हणजे नारायण. त्याला पाटावर बसवायचं, ओवाळायचं, तेहेतीस अनारसे आणि दिव्यासकट वाण द्यायचं. आधीच्या अधिक महिन्यांत बाबांनी अनारसे आणि तांब्याचं तबक दिलं होतं. अनारसे मोलकरणीकडे गेले आणि तबक माळ्यावर. सासूबाई म्हणाल्या होत्या, "छान आहे, पण ठेवायचं कुठे?" मी ते बाबांना सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलं असावं. कारण या वेळी त्यांनी घड्याळ द्यायचं ठरवलं.

आणि घड्याळ कसलं! खोताच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या बाईंचा नवरा बोटीवर होता. तो गेल्यावर त्याचं स्विस घड्याळ कपाटात पडून होतं. आत पाणी जाऊन मशीन गंजलेलं. त्या बाईंनी ते बाबांना देऊन टाकलं. म्हणाल्या, घालणारं कुणी राहिलं नाही, चालू करून तुम्हीच वापरा. बाबा वर्षाहून जास्त त्या घड्याळाच्या मागे होते. एकेक चाक साफ केलं, जिथे नाही जमलं तिथे तसलंच जुनं मशीन शोधून भाग काढले, काच बदलली, रिंगा बदलल्या. ते घड्याळ विकलं असतं तर बाबांची काही वर्षं आरामात गेली असती. पण त्यांना ते जावयाच्या मनगटावर बघायचं होतं. माझा बाप काय करतो हे त्या घराला एकदा दिसू दे, एवढंच त्यांच्या मनात होतं. हे ते बोलले नाहीत, पण मी काय दूधखुळी होते?

वाणाच्या दिवशी आम्ही लालबागला गेलो. शेजारच्या काकूंनी माझ्या नवऱ्याला ओवाळलं. बाबांनी तबकात घड्याळ ठेवून दिलं आणि जावयाला वाकून नमस्कार केला. नवऱ्याने घड्याळ उचललं आणि त्याचा चेहराच बदलला. खरंखुरं स्विस घड्याळ, डायलवर शंभर मीटर लिहिलेलं. "बाबा, हे मला?" एवढंच म्हणाला. बाबांचे डोळे भरले होते, पण त्यांनी चष्मा पुसायचं निमित्त केलं.

जेवण झाल्यावर नवरा आत हात पुसत होता, तेव्हा बाबांनी मला गॅलरीत बोलावलं.

"ऐक हां नीट. हे घड्याळ घालून पोहायचं नाही. शंभर मीटर लिहिलंय ते कंपनीने नव्या घड्याळाची टेस्ट केली तेव्हाचं. ते वाचून कुणी पाण्यात उतरायचं नसतं. हे माझ्या वयाच्या आसपासचं घड्याळ आहे. रिंगा मी नव्या घातल्यात, पण चावी ज्या नळीवर आवळतो ना, तिचे आटे झिजलेत. तसली नळी आता मिळत नाही. हात मारताना चावी कपडा-कातडीला घासली की सैल होणार. पावसात चालेल, हात धुतले तर चालेल. पोहायला नाही. आणि गरम पाण्याची आंघोळ तर बिलकुल नाही."

"टेस्ट केलीत ना तुम्ही?"

"केली. दिव्याखाली कोमट केलं आणि काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवला. आतून धुकं नाही आलं. म्हणजे आत ओल नाही, एवढंच. पाणी कायम बाहेर राहील, हे त्यावरून नाही सांगता येत. पाण्याच्या दाबाची टेस्ट करायचं मशीन फोर्टातल्या शोरूममध्ये आहे, तिथे मला ओळखणारं आता कोण उरलंय?"

"मग सांगा ना तुम्हीच ह्यांना. आत तर आहेत."

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जशी काही मी चपला घालून देवघरात शिरले. "आज? आज तो नारायण आहे गो. वाण देताना 'हे घ्या, पण असं करू नका' म्हणतात काय? देवाला नैवेद्य दाखवताना जपून खा सांगतेस? आज मी देणारा, मी तोंड उघडायचं नाही. तू घरी गेल्यावर सांग. सांगशील ना?"

"हो हो, सांगते."

"विसरू नको."

"बाबा, सांगते म्हटलं ना!"

जिना उतरताना त्यांनी परत हाक मारली. मी मान वर केली तर त्यांनी हाताने पोहण्याची खूण करून बोट हलवलं. नको. मी हसून मान डोलावली. म्हणजे तीनदा बजावलं माणसाने.

घरी आलो तर नणंद बसली होती. ती जवळच राहते आणि तिला घड्याळातलं कळतं, म्हणजे किंमत कळते. तिने मोबाइलवर ते घड्याळ शोधलं आणि भुवया वर गेल्या. सासूबाईंनी चष्मा लावून घड्याळ हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर प्रथमच म्हणाल्या, "तुझ्या वडिलांनी मन फार मोठं केलं हो." मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, आत्ता या क्षणी घड्याळं बंद पडोत सगळी. असंच राहू दे. मी अगदी हवेत होते.

नवरा म्हणाला, "शंभर मीटरचं आहे. पोहताना घालता येईल."

आता सांगायचं. जीभ उचललीसुद्धा होती. तेवढ्यात नणंद म्हणाली, "पण जुनं असेल ना? रिपेअर केलेलं? काकांनी इकडचे तिकडचे पार्ट घालून जोडलेलं?"

जोडलेलं. हा शब्द तिने असा टाकला की सासूबाईंनी घड्याळ लगेच टेबलावर ठेवलं. मी तिच्यावर फणकारले. "छे! एकदम ओरिजिनल आहे. बाबा स्वतः टेस्ट केल्याशिवाय देणार आहेत होय? बिनधास्त घालू देत पाण्यात."

झालं. एवढंच. यात कसली मजबुरी नव्हती, कुणी गळा धरला नव्हता. नंतर खोलीत मी नवऱ्याला एकटं गाठून सांगू शकत होते. पण मग तो म्हणाला असता, अगं, मघाशी तर तू वेगळंच म्हणालीस. आणि ते सासूबाईंपर्यंत गेलं असतं. मी विचार केला, असं काय होणार आहे एकदा पोहून? बाबांना आधीपासून जरा जास्तच काळजी करायची सवय. असं म्हणून मी मोकळी झाले.

पुढच्या रविवारी नवरा घड्याळ घालून तलावात उतरला. मी काठावर टॉवेल घेऊन उभी होते. तो हात मारून जायचा, भिंतीला टेकून वेळ बघायचा, परत फिरायचा. मला तो दिसत होता, चावी ज्या बाजूला असते ती बाजूही दिसत होती. "अहो, घड्याळ काढा" एवढे तीन शब्द. नणंद शेजारच्या खुर्चीत बसून बघत होती. मी टॉवेलची घडी नीट करत राहिले.

तो वर येऊन कढत पाण्याच्या शॉवरखाली उभा राहिला, आणि बाहेर एसीत आल्यावर काचेआड धुकं धरलं. जेवणापर्यंत आत पाण्याचे थेंब दिसू लागले. सासूबाईंनी घड्याळ तांदळाच्या डब्यात पुरलं. मोबाइल भिजला की तसं करतात, म्हणून. दोन दिवसांनी बाहेर काढलं तर काटे थांबलेले आणि चावीच्या खाचेत तांदळाची पूड. तेव्हासुद्धा, त्याच दिवशी, बाबांकडे नेलं असतं तर मशीन वाचलं असतं. मी नेलं नाही. नेलं असतं तर त्यांनी पहिला प्रश्न मलाच केला असता ना!

शेवटी नवऱ्यानेच त्यांना फोन केला. पुढच्या रविवारी बाबा आले. पांढरा शर्ट, हातात हत्यारांची छोटी पिशवी. जावयाच्या घरी पाहुणा म्हणून यायचा माणूस दुरुस्तीला आल्यासारखा आला. सासूबाईंनी डायनिंग टेबलवर वर्तमानपत्र पसरून दिलं, डाग पडतील म्हणून. नवरा समोर, नणंद शेजारी, मी स्वयंपाकघराच्या दारात.

बाबांनी डोळ्याला भिंग लावून मागचं झाकण उघडलं. मी त्यांना घरी घड्याळं उघडताना बघत लहानाची मोठी झालेय, त्यांचे खांदे कसे खाली आले ते मला दिसलं. आत लाल गंज चढला होता. वर्षभराचं काम होतं ते. त्यांनी चिमट्याने एक चाक हलवायचा प्रयत्न केला आणि चिमटा निसटला. कधी निसटत नसे.

"काका, डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलंत का तुम्ही?" नणंदेने विचारलं.

"ऑपरेशनची गरज नाय मला."

सासूबाई गोड आवाजात म्हणाल्या, "वयोमानानं होतं हो असं. त्यात कमीपणा नाही. पण आता विश्रांती घ्यावी माणसानं. लोक विश्वासानं घड्याळ देतात, ते बिघडून परत गेलं तर बरं दिसत नाही."

बाबांनी भिंग काढलं. कान लाल झाले होते. "काम बिघडलेलं नाही. हे घड्याळ पोहायला नव्हतंच. जावईबापू, मी निरोप ठेवला होता. पोहताना घालू नका म्हणून." आणि माझ्याकडे बोट केलं. "हिला सांगितलं होतं."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. नणंद म्हणाली, "वहिनी तर म्हणाली होती, बिनधास्त घाला पाण्यात."

बाबा माझ्याकडे बघत होते. ते घाबरले नव्हते हो! अगदी निश्चिंत होते. आता मुलगी बोलेल आणि सगळं स्वच्छ होईल, अशी खात्री होती त्यांना.

"नाही बाबा," मी म्हटलं. "तुम्ही काही बोलला नव्हतात मला."

"नाही बोललो?"

"नाही."

"गॅलरीत?"

"गॅलरीत तुम्ही अनारशांचं बोलत होतात."

अनारशांचं! हे कुठून आलं माझ्या तोंडात, देव जाणे. इतकं नेमकं खोटं कुणाला खोटं वाटेल? बाबांनाही वाटलं नाही. त्यांनी घड्याळाचं झाकण परत लावलं आणि म्हणाले, "मग विसरलो असेन. चुकी माझी, जावईबापू. माफ करा."

माझा नवरा तसा चांगला माणूस आहे. तो म्हणाला, "असू दे हो बाबा, घड्याळच आहे." नणंदेला त्याने डोळ्यांनी गप्प केलं. सासूबाईंनी चहा टाकायला सांगितला, आणि मी चहा टाकला. बाबांच्या कपात साखर कमी घातली, त्यांना लागते तशी.

त्यांना सोडायला मी लिफ्टने खाली गेले. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच. इथे तरी कुणी ऐकायला नव्हतं. बाबा रुमालात गुंडाळलेलं घड्याळ खिशावर दाबून उभे होते. फार अस्वस्थ झाले की ते आमच्या मालवणीत बोलतात.

"खरां सांग गो बाय. मी तुका कायच सांगूक नाय?"

सातवा, सहावा, पाचवा असे आकडे खाली येत होते. पाय धरायला आणि खरं बोलायला तेवढा वेळ पुष्कळ होता.

"नाही बाबा," मी म्हटलं. "खरंच नाही."

वरचं खोटं मी सासरच्या माणसांच्या भीतीने बोलले असं कुणी म्हणेल. लिफ्टमधल्या खोट्याला मी अजून कारण शोधतेय. बहुतेक मला परत वर जाऊन जेवायचं होतं, नेहमीसारखं.

त्या आठवड्यात बाबांनी लोकांची घड्याळं घरोघर नेऊन परत केली, अर्धवट असलेलीसुद्धा. गिरगावची पेटी रिकामी केली. चष्मेवाल्याचा मला फोन आला, "असं अचानक काय झालं हो?" मी म्हटलं, वय झालं. बाबा मला म्हणाले, "हाताचं काय नाय, हात सुधारतो. पण बोललो नाही ते बोललो असं ज्याला आठवतं, त्याने दुसऱ्याचं मशीन उघडू नये. एक स्क्रू घातला नाही आणि घातला वाटला, तर?"

मग तेच म्हणाले म्हणून मी त्यांना परळच्या एका हॉस्पिटलात दाखवायला नेलं. डॉक्टरने आकडे उलटे म्हणायला सांगितले, चित्रं ओळखायला दिली, बाबांनी सगळं बरोबर केलं. डॉक्टर मला म्हणाला, "इथे तर ठीक वाटतंय. घरी विसरतात का?" बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"थोडंफार," मी म्हटलं.

गोळ्या सुरू झाल्या. आता ते प्रत्येक गोष्ट चिठ्ठीवर लिहितात, आणि चिठ्ठीवरही विश्वास नसतो, म्हणून मला फोन करतात. दूध घेतलं का मी? काकूंना खोलीची चावी दिली का? मी काल तुझ्याशी बोललो होतो ना गो? मी सांगेन ते प्रमाण. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की आमची सून वडिलांचं किती करते, दिवसातून चार-चार फोन.

गेल्या बुधवारी दुपारी असाच फोन आला. मला वाटलं गोळी घेतली का विचारतील. आवाज अगदी हलका होता.

"तुझी आई गेली त्या दिवशी, हॉस्पिटलात, मी तिच्याजवळ होतो ना गो? मला आठवतं तिचा हात माझ्या हातात होता. की तसं मला नुसतं वाटतंय? मी खाली चहा प्यायला गेलो होतो काय?"

आई जाऊन अठरा वर्षं झाली. मी तेव्हा पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. ते दोन दिवस तिथून हलले नव्हते. नर्सने त्यांची बोटं एकेक करून सोडवली होती.

"तिथेच होतात बाबा," मी म्हटलं. "तिचा हात तुमच्याच हातात होता. मी बघितलंय."

"तू म्हणतेस म्हणजे असेल गो," बाबा म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.